भोंग्यावरचं घरकुल

चिचटोल्याच्या ग्रामपंचायतीत दर पाच वर्षांनी माणसं बदलत, घनश्याम तेवढा बदलत नसे. तो शिपाई. झाडलोट, नळाची चावी, ग्रामसभेच्या दिवशी सतरंजी घालणं ही कामं तो नाइलाजानं उरकायचा. जीव ओतून करायचा ते काम एकच, मुनादी. रोज सकाळी सात वाजता पंचायतीच्या गच्चीवरच्या चारही भोंग्यांतून त्याचा आवाज गावभर जाई. आज नळ उशिरा येईल, घरपट्टी भरा, लहान पोरांना डोस पाजायला आणा, अमक्याची काळी शेळी हरवली आहे, डाव्या कानाला चीर आहे. शेळीचं वर्णन करतानाही तो असा काही घसा खाकरायचा की पवनीच्या बसची वाट पाहणारी माणसं चहाचा कप खाली ठेवून ऐकत.

वर्षभर घनश्याम शब्दाचा पक्का. भोंग्यावर आलं म्हणजे ते खरं, यावर गावाचा इतका भरवसा की दोन भावांचं भांडण झालं तर "भोंग्यावर सांग" म्हणून पैज लागे. फक्त धुळवडीच्या सकाळी त्याला मोकळीक होती. त्या दिवशी तो खोट्या बातम्या वाचायचा. लिहून द्यायचा किराणा दुकानवाला चंद्रकुमार. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि रिकामटेकडे जास्त, त्यामुळे अशा कामाला त्याला भरपूर वेळ असे. एका वर्षी सरपंचाच्या म्हशीला दिल्लीहून बोलावणं आलं. एका वर्षी गावच्या तलावात पेट्रोल लागलं आणि दोघेजण खरंच डबडी घेऊन गेले. गाव पोट धरून हसायचं, ज्याच्यावर बातमी असे तो रंग घेऊन घनश्यामच्या मागे धावायचा, आणि दुपारच्या आंघोळीबरोबर सगळं वाहून जायचं.

त्या वर्षी चंद्रकुमारनं शेवटची बातमी लिहिली ती अशी: "घरकुलाची यादी आली आहे. पहिलं नाव श्रीमती आनंदाबाई. त्यांनी आपली जागा लवकर मोकळी करून ठेवावी."

यात हसण्यासारखं काय, हे परगावच्या माणसाला कळायचं नाही. आनंदाबाई विधवा, सत्तरीला टेकलेली, मागे-पुढे कोणी नाही. दोन शेळ्या आणि मातीचं, कवेलूच्या कौलारू छपराचं घर. त्याची एक भिंत बांबूच्या टेकूवर उभी. अकरा वर्षं ती प्रत्येक ग्रामसभेला न चुकता येई आणि एकच प्रश्न विचारी, "माहं नाव आलं काय जी?" विषय गटाराचा असो की झेंडावंदनाचा, आनंदाबाईचा प्रश्न ठरलेला. गावात कोणी उगाच कशाची वाट पाहू लागला की लोक त्याला म्हणत, "तुहं नाव आलं काय जी?" तेव्हा ती बातमी ऐकून अख्खं चिचटोला खदखदलं. घनश्यामलाही हसू फुटत होतं, पण त्यानं आधी बटण बंद केलं आणि मग हसला. बातमी शेवटपर्यंत गंभीर आवाजात वाचायची, ही त्याची शिस्त होती.

आता आनंदाबाईला शिमगा कळत नव्हता असं कोणी म्हणू नये. तिनं ऐकलं, मोहफुलांचं टोपलं खाली ठेवलं, आणि खरं-खोटं करायला स्वतः निघाली. वाटेत भैय्यालाल भेटला. तो हिरव्या रंगात नखशिखांत न्हालेला होता. म्हणाला, "खरंच हाय काकू, तोंड गोड करा." चंद्रकुमार म्हणाला, "भोंग्यावर कोणी खोटं बोलते काय?" आणि सरपंच गोपीचंद यांनी तर कमालच केली. गळ्यातला पळसफुलांचा हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि वाकून हात जोडले. खुद्द सरपंच वाकल्यावर चौथ्याला विचारायची तिला गरज वाटली नाही.

घनश्याम दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं एकोडीला गेला, साळ्याच्या पोरीच्या साखरपुड्याला. चार दिवस जावई म्हणून लाड करून घेतले. परत आला, बसमधून उतरला, घराच्या वाटेला लागला आणि थांबला. आनंदाबाईचं घर जागेवर नव्हतं.

घरकुलाच्या बाबतीत गाव एक गोष्ट ठेच लागून शिकलं होतं. जुनं घर पाडून जो आधी जागा मोकळी करतो, इंजिनिअर त्याच्याकडे आधी येतो. भैय्यालालनं मागच्या साली आळस केला तर चार महिने मागे पडला होता. म्हणून यावेळी छपरावर पहिला चढला तो भैय्यालालच. धुळवडीला आपणच थट्टा केली हे त्याला आठवत होतं. पण बाई एवढ्या ठामपणे सांगते, सरपंचाचा हार दाखवते, तर मधल्या दिवसांत खरी यादी आली असेल, असं त्यानं धरलं. बाकीच्यांनी भैय्यालालला छपरावर पाहिलं आणि त्यांनीही तसंच धरलं. तीस-एक माणसं लागली. एकही कवेलू न फोडता छप्पर उतरवलं, मयाली म्हणजे छपराच्या आडव्या तुळया काढल्या, भिंती लोटून दिल्या. दुपारपर्यंत मैदान साफ. चंद्रकुमारनं स्वतःच्या दुकानातून सगळ्यांना चहा पाजला, कारण आपलीच बातमी गावभर फिरून त्याच्या कानावर आली तेव्हा तीही त्याला खरी वाटली.

आनंदाबाई चिंचेखाली ताडपत्री बांधून बसली होती, शेळ्या शेजारी. घनश्यामला पाहताच ती लगबगीनं उठली आणि मूठभर साखर त्याच्या तोंडात कोंबली.

"तुयाच तोंडून आयकलं बापा! अकरा वरसं झाली. धनी राह्यला असता तं नाचला असता."

घनश्यामनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तोंडात साखर. तो ती गिळेपर्यंत बाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या वेळी त्याला आपली एवढी लाज वाटली की तो "काम आहे" म्हणून तिथून पळाला. हो, पळालाच. त्याला दुसरा शब्द नाही.

त्याच संध्याकाळी पंचायतीत दार लोटून बैठक बसली. विषय एकच, हे कोणाच्या अंगावर येणार?

"मी कागदावर लिवलं," चंद्रकुमार म्हणाला. "कागद बोलते काय? बोलला तो घनश्याम."

"मी वाचलं," घनश्याम म्हणाला. "हार कोणी घातला?"

"अरे, हार मी रस्त्यात बकरीलेही घातला असता त्या दिवशी!" सरपंच उसळले. "मी माह्या तोंडानं एक शब्द बोललो काय? नुसते हात जोडले. सरपंचानं हात नाही जोडाचे काय?"

"छपरावर कोण चढलं मंग?" कोणीतरी विचारलं.

"मी कवेलू उतरवले," भैय्यालाल म्हणाला, "एकही फुटलं नाही. पाहून घ्या. नुकसान म्हणसान तं माह्याकडून कवडीचं नाही. भिंती दुसऱ्यायनं पाडल्या."

भिंती पाडणाऱ्यांचं म्हणणं पडलं की छप्पर गेल्यावर भिंती ठेवून करायच्या काय. कोणीतरी म्हणालं, चूक बाईचीच, शिमग्याच्या दिवशी कोणी विश्वास ठेवते काय. त्यावर दोघा-तिघांनी माना हलवल्या, पण मोठ्यानं दुजोरा द्यायला कोणी धजलं नाही. ग्रामसेवक इतका वेळ नखं पाहत होता. तो म्हणाला, धुळवडीला शासकीय सुट्टी असते, सुट्टीच्या दिवशी झालेली घोषणा पंचायतीची धरता येत नाही. हे ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला. लगोलग ठराव लिहिला: 'अफवेमुळे घर पडले, सदर घटनेस कोणीही व्यक्तिशः जबाबदार नाही.' सगळ्यांनी सह्या केल्या. घनश्यामनंही केली. पेन पुढे सरकवणार तोच दार उघडलं.

आनंदाबाई होती. दार लोटून घेतलेलं होतं, पण खिडकीला काच नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे यादी आलीच नाही?"

सरपंच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"मंग मी निजू कुठं?"

मारामारी झाली असती तरी परवडली असती. गावची तीस माणसं तिथं बसली होती, प्रत्येकाला घर होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहत होता. शेवटी घनश्यामची बायको कौशल्याबाई पुढे आली. नवरा जेवायला आला नाही म्हणून ती पाहायला आली होती आणि खिडकीशी उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं.

"चला काकू, घरी. याचा भोंगा मले रोजच आयका लागते. आता दोघी मिळून आयकू."

घनश्यामचं घर स्लॅबचं. तेही घरकुलच. पंचायतीत झाडू मारणाऱ्याचं नाव यादीत लवकर सापडतं, एवढंच म्हणू आणि पुढे जाऊ. आनंदाबाई पुढच्या खोलीत राहायला आली आणि महिनाभरात घर तिचं झालं. शेळ्या जिन्याखाली बांधल्या. घनश्यामची खाट अंगणात गेली. भाजीला फोडणी कशी द्यायची हे ती कौशल्याबाईला सांगे आणि कौशल्याबाई ऐकेही, जे तिनं सख्ख्या सासूचं कधी ऐकलं नव्हतं. घनश्यामशी मात्र आनंदाबाई दिवसातून एकच वाक्य बोलायची. तो सात वाजता मुनादी आटोपून घरी आला की ती विचारायची, "आज नळ येणार म्हणून सांगतलं, ते खरं का शिमग्याचं?"

"खरं, काकू."

"बरं."

बस्स. रोज सकाळी एवढंच. घनश्याम रोज ठरवायचा की आज सांगून टाकू, माझं चुकलं म्हणून पाय धरू. गावाला मोठ्यानं सगळं सांगणाऱ्या त्या गड्याच्या घशातून स्वतःच्या ओसरीवर चार शब्द निघत नव्हते. तिला दोन वेळचं जेवण घालतो आहोत, यात सगळं आलं, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. ती समजूत दुसऱ्या दिवशी सात वाजेपर्यंत टिकायची.

असं जवळजवळ वर्ष गेलं, आणि घरकुलाचं खरंखुरं सर्वेक्षण आलं. मोबाइल घेऊन मनाली नावाची मुलगी तालुक्याहून आली. चुणचुणीत, बोलायला गोड. घनश्यामनंच तिला हाताला धरल्यासारखं आपल्या घरी आणलं, सगळ्यांच्या आधी.

"आजी, तुम्ही राहता त्या घरासमोर उभ्या राहा. हं, हसा." फोटो निघाला. मनालीनं पडद्यावर बोट फिरवलं. स्लॅब, आहे. पंखा, आहे. मोटारसायकल, आहे. "आजी, तुम्ही यात बसत नाही हो. पक्कं घर आहे तुमचं."

"तिचं नाही, माहं हाय!" घनश्याम ओरडला.

"मग त्यांचं दाखवा. त्याचा फोटो काढते."

सगळे आनंदाबाईच्या जागेवर गेले. सरपंचही धावत आले. जागेवर कौशल्याबाईनं लावलेली भेंडी होती, चांगली कमरेएवढी.

"घर कुठं आहे?" मनालीनं विचारलं.

"पडलं," सरपंच म्हणाले. "अफवेनं. ठराव हाय आमच्याकडे."

"अफवा कोणी उठवली? कोणी लिहून देईल का? माहिती तरी हवी ना मला."

सरपंचांनी घनश्यामला बाजूला ओढलं. "भोंग्यावर खोटं बोललो असं लिवून देशीन तं नोकरीवर पाणी सोड. मी काही वाचवू शकणार नाही. गप राह्य."

नोकरी गेली तर भोंगा गेला, आणि भोंग्याशिवाय आपण कोण, हे घनश्यामला ठाऊक नव्हतं. त्यानं भेंडीकडे पाहिलं. मग मनालीकडून कागद मागितला, मोटारसायकलच्या सीटवर ठेवला आणि लिहायला लागला. सरपंच दोनदा खोकले, तिसऱ्यांदा निघून गेले.

मनालीनं कागद वाचला. पुन्हा वाचला. तिचा गोड आवाज थोडा उतरला.

"काका, हे चढवायला यात जागाच नाही. घर कोणामुळे गेलं, असा रकानाच नाही." तिनं कागद परत त्याच्या हातात दिला. "तालुक्याला नेऊन पाहा. मी खोटी आशा लावत नाही."

ती पुढच्या घराकडे गेली. जागेवर दोघंच उरले.

"काय लिवलं?" आनंदाबाईनं विचारलं. "मले वाचता येत नाही."

घनश्यामनं कागद डोळ्यांसमोर धरला. हरवलेल्या शेळीसाठी घसा खाकरणारा माणूस, आज खाकरायचंही विसरला. अगदी हळू वाचलं. "मी घनश्याम, पंचायतीचा शिपाई. धुळवडीच्या दिवशी मी आनंदाबाईच्या नावानं खोटी मुनादी दिली. तिचं घर माझ्यामुळे पडलं. दुसऱ्यांनी काय केलं ते त्यांनी सांगावं. मी केलं ते हे आहे." तो थांबला. "काकू, माहं चुकलं."

आनंदाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

"खोटं बोलला तवा साऱ्या गावानं आयकलं," ती म्हणाली. "खरं मले एकटीलेच कायले सांगतं?"

घनश्यामनं कागदाची घडी घातली, खिशातली पंचायतीची किल्ली चाचपली आणि निघाला. भर दुपारचे दोन वाजले होते. या वेळी चिचटोल्यात कधीच मुनादी होत नसे, म्हणून भोंगा खरखरला तेव्हा बाया भांडी सोडून दारात आल्या आणि चंद्रकुमारनं तराजू खाली ठेवला. सुरुवात घनश्यामनं स्वतःच्या नावापासून केली.