साखरेचं पैंजण

झाकण अर्ध्या वळशातच घट्ट बसलं. नलूने ते उलटं फिरवून काढलं, पुन्हा लावलं, आणि पुन्हा तीच गंमत — पितळेवर पितळ सरकताना होणारी अगदी बारीक कुरकुर, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग असं बसणं, जणू ते कधी उघडलंच नव्हतं. सासूबाईंच्या माहेरून आलेला हा फिरकीचा तांब्या. काशीला जाऊन आलेला म्हणे... कोणी घडवला असेल, कुठल्या आळीत बसून, आणि घडवून झाल्यावर त्यानेही असंच दोन-तीनदा झाकण फिरवून बघितलं असेल का — उगाचच, स्वतःशी खूश होऊन?

"आई, तो मी नेणार हं!" माळ्यावरून मनवाचा आवाज आला. सून घडवंचीवर चढून अर्धीअधिक माळ्यात शिरली होती. खालून तिचे फक्त पाय दिसत होते. "इथे वर तर अख्खं म्युझियम आहे. सगळं व्हिंटेज!"

"अगं, जुनं म्हण की."

"जुनं वेगळं, व्हिंटेज वेगळं."

असेल बाई. ठाकूरद्वारच्या ह्या दोन खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून द्यायच्या होत्या. चाळ पडणार, तिच्या जागी काचेचं काहीतरी उभं राहणार. अण्णा — नलूचे सासरे — गेल्या वर्षी गेले, तोवर इथेच राहिले, एकटे. माटुंग्याला मुलाकडे राहायला काही आले नाहीत. आणि तो मुलगा, म्हणजे शंतनु, नलूचा नवरा, आज गुडघ्याचं निमित्त काढून घरी बसला होता. 'तू आणि मनवा बघा काय ते. मला नको विचारू.' त्याला बघवणार नव्हतं, एवढंच. गुडघा कालपर्यंत ठीक होता.

सकाळी जिना चढताना नलूच्या डोक्यात एकच शब्द होता — भंगार. दुपारपर्यंत सगळं पोत्यांत भरायचं आणि मोकळं व्हायचं. पण पहिल्याच फडताळातून तो अडकित्ता निघाला, पोपटाच्या चोचीचा, इतक्या वर्षांनीही चोच मिटताना कणभर फट न ठेवणारा. मग सोऱ्याच्या चकत्या, एकीवर चांदणी, एकीवर नुसती चीर. मग विळी, जिचं पातं सासूबाईंच्या हाताखाली झिजून झिजून चतुर्थीच्या चंद्राएवढं उरलं होतं आणि तरी नलूच्या अंगठ्याला चरचरून लागलं... आणि तिचा हात हळूहळू मंदावत गेला. ह्याच खोल्यांत ती लग्न होऊन आली होती, ह्या सगळ्या वस्तू तिने घासल्या होत्या, पुसल्या होत्या, त्यांच्यावर चिडली होती — पण बघितल्या नव्हत्या. चिडलेल्या माणसाला चकतीवरची चांदणी कुठून दिसणार? आज ती फरशीवर मांडी घालून बसली होती आणि एकेक वस्तू खिडकीच्या उजेडात धरत होती, आणि पोती तशीच कोपऱ्यात घडी घालून पडली होती.

"ही परात घ्या, आई. सांभाळून, जड आहे."

मोठी, कल्हईची परात, एका कडेला काळी पडलेली. नलूने ती मांडीवर घेतली आणि तेवढ्यात शेजारच्या राधाबाई चहा घेऊन दारात आल्या. त्यांनी कप खाली ठेवायच्या आधी परातीकडेच बोट केलं.

"अगोबाई, रमाकांतरावांची परात! हलव्याची ना ही?"

"हो, तीच."

"काय काटा यायचा हो त्यांच्या हलव्याला! बायकांना जमायचा नाही असा." राधाबाई मनवाकडे वळल्या, ती एव्हाना खाली उतरली होती. "तुझे आजेसासरे गं. पौष लागला की ऑफिसला जायच्या आधी इथे गॅलरीत शेगडी घेऊन बसायचे. सुनांचे दागिने, बाळांचे दागिने, सगळ्या चाळीचे तेच करायचे. आणि मग एकदम सोडूनच दिलं. तुझ्या पुष्करचं बोरन्हाण होतं तेव्हा मी म्हटलं, अहो, नातवासाठी तरी करा. तर म्हणाले, हात थरथरतात आता."

"पुरुष असून हलवा करायचे?" मनवाचे डोळे मोठे झाले. "पुष्करने कधी सांगितलंच नाही!"

"त्याने कुठे बघितलंय," नलू म्हणाली.

हात थरथरतात... खोटं. त्याच वर्षी अण्णा सासूबाईंना सुईत दोरा ओवून द्यायचे, चष्म्याशिवाय, पहिल्या फटक्यात. नलूने ते बघितलं होतं आणि मनात कोरून ठेवलं होतं. पुष्करला मांडीवर घेऊन ती मुद्दाम त्यांच्यासमोर येऊन बसली होती, 'अण्णा, ह्याचा मुकुट तुम्हीच करायचा', आणि ते पेपर खाली न करता म्हणाले होते, 'बाजारात छान मिळतात. शंतनुला सांग.' शंतनुने दादरहून आणले. छानच होते. फोटोत ते दागिने घातलेला पुष्कर हसतो आहे, आणि त्याच्या मागे नलू — तिचा चेहरा आजही कोणी नीट बघितला तर कळेल.

राधाबाई गेल्या. मनवा गॅलरीत फोनवर पुष्करशी बोलायला लागली — "अरे, तुझे आजोबा काय भारी होते!" — आणि नलूने परातीपाठोपाठ माळ्यावरून खाली आलेलं घंगाळ पुढे ओढलं. घंगाळात पातेलं, पातेल्यात तपेली, तपेलीत कापडात बांधलेला गडवा... एकात एक. अण्णांचीच रचना, जागा वाया घालवायची नाही. आणि सगळ्यांच्या पोटात, अगदी तळाशी, हातात मावेलसा पितळी डबा, झाकणाभोवती मेणाची कड फिरवून बंद केलेला.

मेण नखाने निघेना, म्हणून तिने त्या झिजलेल्या विळीचं टोक लावलं. झाकण उचललं, आणि आधी लवंगेचा वास आला — मुंग्या लागू नयेत म्हणून — मग कापूस. आणि कापसाच्या आत पांढरं काहीतरी, पांढरं नव्हे, जुन्या हस्तिदंतासारखं पिवळसर. तिने ते चिमटीने उचललं. इवलीशी बिंदी. हलव्याची. दाण्यांवरचा काटा जसाच्या तसा, उभा, पारव्याच्या पिसासारखा दाट. मग एक नथ, एक हार. मग बांगड्या — त्यातून तिची दोन बोटं जेमतेम जातील अशा. दाणे मागे फाइलीच्या पुठ्ठ्यावर शिवलेले, आणि टाके इतके बारीक की पुठ्ठा उलटून बघितल्याशिवाय दिसू नयेत. प्रत्येक दाणा आकाराने शेजारच्या दाण्याला अनुरूप, मधला थोरला, कडेचे उतरते... किती दाणे बाजूला टाकले असतील त्यांनी ह्या एका हारासाठी? बोटांची टोकं पाकात बुडवून, निखाऱ्यावरच्या परातीत फिरवत, फिरवत — जोर केला तर काटा मोडतो, हात थांबला तर दाणे चिकटतात — चटके खात ते बसले असतील, गळ्याला मफलर गुंडाळून, तोंडाने काही न बोलता. एवढं सुंदर काही ह्या घरात कोणी कधी केलं नसेल, असं तिला वाटलं. नुसतं सुंदर, पुढचं काहीच तिच्या मनात अजून आलं नव्हतं.

मग पैंजण. एक पुरं. दुसरं अर्धं — आणि जिथे दाणे संपत होते तिथे सुई, गंजून पुठ्ठ्याला धरलेली, दोरा अजून तिच्यात.

पैंजण. नथ. बिंदी... मुलीचे दागिने.

पुष्करच्या आधी एक मुलगी होती. दिवाळीत झाली होती, आणि मार्गशीर्ष संपायच्या आत हॉस्पिटलमध्ये न्यावी लागली, आणि रिकाम्या हातांनी नलू हा जिना चढून वर आली होती. पुष्करला हे ठाऊक नाही. आधी लहान म्हणून सांगितलं नाही, मग सांगायचं राहिलं, मग ते न सांगणंच घराची सवय झाली. त्या दिवशी दारात अण्णा उभे होते. 'हात-पाय धुऊन घे, नलू. चहा टाकलाय.' बस, एवढंच. त्यानंतर कधीही, एकदाही, त्या बाळाचं नाव नाही. शंतनु निदान रडला तरी. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते, त्यांनी ते मुकाट्याने काढून पुसून जागेवर ठेवले. आणि हा माणूस चहा गाळत होता. ते चहाचं वाक्य तिने इतकी वर्षं बाळगलं होतं. त्याच्यावर तिने अण्णांचा सगळा हिशेब चुकता करून टाकला होता — कोरडा माणूस, चांगला पण कोरडा — आणि त्यांच्या शेवटच्या आजारात औषधं दिली, अंग पुसलं, सगळं केलं, पण एक बोटभर अंतर राखून केलं.

म्हणजे तेव्हा, संक्रांतीला अजून अवकाश असताना, तुम्ही सुरुवात केली होती अण्णा? पहिल्या नातीचं बोरन्हाण, घाई करून चालणार नाही, म्हणून? आणि सुई जिथे आहे तिथे... तो तोच दिवस होता का? की नंतरही तुम्ही कधी हे काढून बसलात, आणि ओवता येईना? आणि पुष्करला का नाही? त्याच्यासाठी करायला घेतलं असतं तर हे आधी पुरं करावं लागलं असतं, म्हणून? मी समोर बसले होते, मांडीवर मूल घेऊन, रागाने. मी का नाही विचारलं? तुम्ही पेपर का नाही खाली केलात?

 खिडकीतून येणाऱ्या उजेडात अर्धं पैंजण तिच्या तळहातावर होतं, वजन जवळजवळ नाहीच, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येत नाहीये. आत जे काही हललं होतं ते दुःख नव्हतं. त्याला नाव द्यायचं तर... मत्सर? होय, तसंच काहीसं, लाज वाटावी असं. ते बाळ तिचं एकटीचं होतं. शंतनुलाही तिने त्यात पुरतं शिरू दिलं नव्हतं. आणि आता कळत होतं की पलीकडच्या खोलीत एक माणूस तिला न विचारता, न सांगता, त्याच बाळापाशी इतकी वर्षं बसून होता — आणि त्याच्यापाशी जे होतं ते तिच्याजवळच्यापेक्षा अधिक नाजूक होतं, अधिक नीट जपलेलं होतं.

"आई! हे काय?" मनवा दारात थबकली आणि मग गुडघ्यांवर बसत पुढे आली. हात लावला नाही. नुसती वाकून बघत राहिली. "साखरेचे आहेत? हे... हे त्यांनी केलेत? किती... आई, मी असं काही कधीच बघितलं नाहीये."

"काटा बघ," नलू म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा आला, ह्याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "एकही मोडलेला नाही."

"पुष्करचे ना? बोरन्हाणाचे?"

हो म्हटलं असतं तर दागिने कापसात परत गेले असते, डबा माटुंग्याला गेला असता, काचेच्या कपाटात छान दिसला असता. हो म्हणणं इतकं सोपं होतं की ते ओठांपर्यंत आलंही.

"नाही," ती म्हणाली.

मनवाने मान वर केली. हातातला फोन बाजूला ठेवून ती नीट मांडी घालून बसली, आणि नलूला ते आवडलं. खाली वाडीत कोणीतरी भाजीवाल्याला हाक मारत होतं. पुढचं वाक्य काय असेल हे तिला अजून ठाऊक नव्हतं, ते आज येईल की घरी गेल्यावर, शंतनुसमोर, पुष्करसमोर, की येणारच नाही... पण ते वाक्य आपल्या एकटीला उचलावं लागणार नाही, असं काहीतरी, आजवर कधी न वाटलेलं, तिला वाटत होतं. आणि त्या वाटण्यावर विश्वास ठेवावा की नाही हे न ठरवता तिने तळहात, जरासा, सुनेकडे सरकवला.