पिवळ्या बोयापलीकडे

समज, तुझ्या एका हातात तंगुसाची बारीक दोरी आहे आणि दुसऱ्या हातात गळ. दोरी दुमडायची, गळाच्या भोकातून ओवायची, एक सैल गाठ मारायची आणि उरलेला फास गळावरून पलीकडे काढायचा. मग लगेच ओढायचं नाही. आधी गाठ ओठांत धरून थुंकीनं ओली करायची. कोरडी गाठ आवळताना तापते आणि नेमका मोठा मासा लागला की तुटते.

जमलं? मग आता एवढंच आणखी समज, की ही गाठ तुझ्यासाठी नाही.

एम्री ट्रकच्या पायरीवर बसून अशीच गाठ मारत होती. तिनं गळाला रबरी गांडूळ अडकवलं आणि रॉड आजोबांच्या हातात दिला.

"ओढून बघितलीस?"

"बघितली, पॉपॉ."

"अशी गाठ या जिल्ह्यात दोनच माणसं मारतात," आजोबा म्हणाले. "त्यातल्या एकाला हल्ली नीट दिसत नाही."

आत्ताच आजोबांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी इथूनच वाचली होती, सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा: उकडलेल्या शेंगा, जिवंत गांडुळं, कयाक. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून कॉफीचा मग सुटला आणि चार दिवस ते इस्पितळात होते. घरी आल्यावर आईनं त्यांची मोटरबोट विकून टाकली. हात बरा झाला, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. तो बरा झाला नव्हता. त्या बोटांना दोरी लागतच नव्हती. हे एम्रीला ठाऊक होतं, कारण दोन महिने गाठी तीच मारत होती.

"आईनं काय सांगितलंय?" आजोबांनी विचारलं.

"मिस वर्लीन हो म्हणाल्या तरच कयाक."

"आणि मी काय सांगितलंय?"

"हाताचं बोलायचं नाही."

"शाबास." त्यांनी उजव्या हातानं तिची टोपी डोळ्यांवर ओढली. "अगं, सोमवारपासून तू शाळेत असशील. मी पहाटे पाचला एकटा तळ्यावर असेन. जुन्या खोडांच्या बाजूला, जिथं मोठ्या बोटीवाल्यांचे पंखे अडकतात. मे महिना आहे पोरी. बास मासे खोडांपाशी आलेत. मी घरात बसून काय करू, तुझ्या आईबरोबर टीव्हीवर स्वयंपाक बघू?"

दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. मागं तांबड्या मातीत खणलेलं एक डबकं होतं, फुटबॉलच्या मैदानाएवढं. काठापासून ते हळूहळू खोल होत जाई आणि मधोमध खुणेचा एक पिवळा बोया तरंगे. बोयापाशी बारा फूट पाणी होतं. दुकानाच्या मालकीणबाई मिस वर्लीन यांचा नियम सगळ्या परिसराला पाठ होता. कयाक, म्हणजे एकट्यानं चालवायची छोटी होडी, घ्यायची असेल तर ती बोयापलीकडे न्यायची, मुद्दाम पाण्यात पडायचं आणि कोणाच्याही मदतीविना परत चढायचं. चढलात, तर त्या कानामागची मेणाची पिवळी पेन्सिल देत आणि कयाकच्या टोकावर तुम्ही आपलं नाव लिहायचं. नाव नाही, तर कयाक नाही. गावच्या मेयरलाही त्यांनी एकदा ओला करून रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. नियम कशासाठी, हे कोणी विचारत नसे. दाराच्या आत एका खिळ्यावर त्यांच्या धाकट्या भावाची निळी टोपी होती आणि तीस वर्षांत ती कोणी काढलेली नव्हती.

"हॉइट टिडवेल," मिस वर्लीन म्हणाल्या. त्या साठीच्या होत्या, उन्हानं रापलेल्या, आणि त्यांच्या पायात पुरुषी बूट होते. "तू कयाक घेणार? आयुष्यभर तर यांना चपला म्हणालास."

"माझी मोटरबोट म्हातारी झाली."

"वजन किती?"

"बोटीचं?"

"तुझं."

"दोनशे दहा पौंड."

"थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी की नंतर?"

आजोबा हसले. "दोनशे पस्तीस लिही. आणि पोरीसमोर विचारू नकोस."

मिस वर्लीन त्यांना एका हिरव्या कयाककडे घेऊन गेल्या. तीन फूट रुंद, तळ सपाट, खुर्ची खालच्या खाचेत बसवलेली. "ही घे. यात उभा राहून नाचलास तरी कलंडणार नाही."

"आणि वळणारही नाही. हा दरवाजा आहे, वर्लीन. दरवाज्यावर बसून मासे पकडू?" ते पुढं गेले आणि एका तांबड्या, निमुळत्या कयाकपाशी थांबले. तिला पायानं फिरवायची पायडलं होती, म्हणजे दोन्ही हात रॉडसाठी मोकळे. त्यांनी तिच्या कडेवरून तळवा फिरवला. उजवा. "हिला पाण्यात आवाज नसेल."

"नसेल. पण ही घसरडी आहे आणि हिची कड उंच आहे. चढायला अवघड."

"चाळीस वर्षं मी लोकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. निम्मी पाण्यात उभं राहून."

"मी इंजिनाचं बोलत नाहीये."

मग बाकीचं सामान आलं. एम्रीला हा भाग फार आवडायचा, आजोबा तिला प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत. वल्ह्याला दोरी हवी, कारण हातातून सुटलेलं वल्हं कधी वाट बघत नाही. नांगर लहान हवा, आणि त्याची दोरी टोकाला बांधायची, कडेला नाही, नाहीतर वाऱ्यात कयाक आडवी होते. त्यांनी मागच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सहा रॉड उभे केले. मिस वर्लीननं त्यातले तीन काढून परत ठेवले.

"बासला तोंड एकच असतं, हॉइट."

"पण आवडीनिवडी फार असतात."

"तीन."

लाइफ जॅकेटवरून मात्र त्यांचं जरा वाजलं. आजोबांना कमरेला बांधायचा पट्टा हवा होता, पाण्यात पडलं की आपोआप फुगणारा. मोटरबोटीवर सगळे तोच वापरत. मिस वर्लीननं त्यांच्यासमोर जाड जॅकेट धरलं. "पट्टा फुगला की छातीशी उशी येते. त्या उशीवरून चढायला कोणालाच जमत नाही. हे घाल." आणि एक लहान जॅकेट एम्रीकडे टाकलं. "तूही घाल. यांच्यानंतर तुझी पाळी. डबक्याजवळ जॅकेटशिवाय मी कुत्र्यालाही फिरकू देत नाही."

एम्रीनं जॅकेटचे तिन्ही चाप लावले. मग आजोबांकडे वळून, मिस वर्लीनची पाठ होती तेवढ्यात, त्यांचेही लावले.

लाकडी धक्क्यावर उभी राहून ती बघत होती. आजोबांनी तांबडी कयाक पायडल मारत बोयापलीकडे नेली, टोपी काढून आत ठेवली आणि कडेवरून पाण्यात पडले. वर आले तेव्हा ते हसत होते.

"गार आहे, वर्लीन. मेयर का रडला ते कळलं."

"आधी पोट, मग बूड, मग पाय," मिस वर्लीन काठावरून म्हणाल्या. "लाथा मार आणि पोटावर ये."

त्यांनी उजवा हात पलीकडच्या कडेवर टाकला. डावाही टाकला. लाथा मारल्या, छाती वर आली, आणि डावा हात कडेवरून सरकला, ओल्या फडक्यासारखा. ते परत पाण्यात गेले.

"साली घसरडी आहे," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. खुर्चीखाली पायरीचा पट्टा आहे, घेणार? पाय अडकवून चढता येतं."

"घोड्यावर बसायचंय का मला?"

पण दुसऱ्या खेपेला त्यांनी पट्टा घेतला. पाय अडकवला, वर आले, आता येतील असं वाटलं, आणि शेवटी डाव्या हातानं जे धरायला हवं होतं ते धरलं गेलं नाही. कयाक त्यांच्या बाजूला कलली आणि ते परत पाण्यात गेले. एम्रीनं धक्क्याचा खांब घट्ट धरला होता. तिला पोहता येत होतं. गाठी मारता येत होत्या. त्यांच्या सदऱ्याची बटणं, बुटांच्या नाड्या, औषधाच्या बाटलीचं झाकण, सगळं जमत होतं. पण चढायचं त्यांचं त्यांनाच होतं.

तेवढ्यात दुकानासमोर कोणीतरी ट्रकचा भोंगा वाजवला. गांडुळं घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं.

"आले दोन मिनिटांत," मिस वर्लीन म्हणाल्या. "तोवर धरून राहा, दम घे. मी नसताना चढायचं नाही."

त्या शेडमागे गेल्या. आजोबा कयाकला धरून तरंगत राहिले. डबक्यावरून वारा येत होता, आणि त्या वाऱ्यानं कयाक हळूहळू बोयाच्या अलीकडे आली. ते तिला थांबवू शकले असते. त्यांनी बोयाकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं, आणि थांबवलं नाही. बोया मागं राहिला. आणखी मागं राहिला. मग पाण्यात तांबड्या मातीचा एक ढग वर आला, खालून, गुपचूप. आजोबा एकदम उंच झाले, पोटावर आले, वळले आणि खुर्चीत बसले.

धापा टाकत त्यांनी एम्रीकडे पाहिलं. मग टोपी घातली.

"बघितलंस?"

एम्रीनं मान हलवली. तिनं बघितलं होतं.

ते पायडल मारत धक्क्याशी आले. काहीतरी गुणगुणत होते. त्यांचं गुणगुणणं तिनं फेब्रुवारीनंतर ऐकलं नव्हतं, आणि सूर कुठला ते तिला लगेच आठवलं. मोटरबोट घरी परत आणताना ते हाच गुणगुणत. डावा हात मांडीवर पडला होता, कोणीतरी तिथं ठेवून विसरल्यासारखा. त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांची टोकं तांबडी झाली होती. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मिस वर्लीन उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन आल्या आणि थबकल्या.

"मी नको म्हटलं होतं."

"तू बघत असलीस की मी लाजतो."

"चढलास?"

"बसलोय ना? देवदूतांनी उचलून ठेवलं असेल तर माहीत नाही."

"बोयापलीकडे?"

"मग कुठं?"

मिस वर्लीननं शेंगांची पुडी खांबावर ठेवली. कानामागची पेन्सिल काढली, पण दिली नाही. आजोबांनी उजवा हात पुढं केलेला होता. त्यावरून पाणी गळत होतं.

"एम्री," त्या म्हणाल्या, "तू इथंच होतीस."

"अगं, पोरीला कशाला मध्ये घेतेस?" आजोबा म्हणाले. आवाज हलका होता, पण ते एम्रीकडे बघत होते. गाठ ओढून बघितलीस का विचारताना बघत, तसेच.

एम्रीनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर ती जुनी खोडं आली, पाण्यात उभी. तिथं तळ नव्हता. म्हणजे असणार, पण मोटरबोटीचा नांगर सोडला की आजोबा तीस फूट दोरी मोजत, आणि ती पुरत नसे. तिथं पहाटे पाचला कोणी नसतं. ती शाळेच्या बसमध्येसुद्धा चढलेली नसते.

आणि मग आजोबा घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले. पुढ्यात रॉड. दोरी न लागणारी बोटं. तो सूर नाही.

हाताचं बोलायचं नाही, असं तिनं कबूल केलं होतं.

"माझी पाळी," ती म्हणाली.

"आधी मला उत्तर दे, बाळ."

पण एम्री धक्क्याच्या पायऱ्या उतरली होती. ती कयाकजवळ गेली नाही. काठावरून सरळ पाण्यात शिरली, बुटांसकट. पाणी गुडघ्यांना आलं, कमरेला आलं, जॅकेट वर उचललं जाऊन कानांना लागलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पुढं पाण्यावर तांबडा डाग अजून पसरत होता, आता फिकट, आणि बोया त्याच्या खूप पलीकडे डुलत होता. मागचं गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं.

ती त्या डागापर्यंत गेली. पाणी तिच्या काखांपर्यंत आलं.

तिथं ती दोन्ही पाय टेकून उभी राहिली.