नाकातला बाप

लेटन हॅवर्ड त्या सकाळी लेकीला शाळेतून काढायला आला होता, आणि मी त्याच्या हातात गमबूट दिले.

"हे कशाला?"

"चिखल आहे."

"मी फक्त मिसना भेटायला आलोय, मायनिर अँटी. पाच मिनिटं."

"मिस चिखलातच आहेत. आधी हॉलमध्ये बस, आज पालकांची सभा आहे, बाईंचं भाषण ऐक. मग चिखल."

तो पन्नास खुर्च्यांमधली सगळ्यात मागची शोधायला गेला. मी या शाळेत लहानग्यांच्या वर्गात मदतनीस आहे. मदतनिसाला इथे मुलं अँटी म्हणतात, आणि मुलं म्हणतात म्हणून हळूहळू वेल्समधलं आमचं सगळं खोरंच म्हणायला लागतं. लेटनला मी तो स्वतः चिखलात खेळायचा तेव्हापासून ओळखते. त्याची आई बेव्हर्ली आमच्याच गल्लीतली.

*

मागची रांग

"या वयात खेळ हाच अभ्यास," मुख्याध्यापिका मिसेस बेब पुढे उभ्या राहून सांगत होत्या, इंग्रजीत. शाळा सगळी वेल्शमध्ये चालते, पण समोरच्या आईबापांतल्या निम्म्याहून जास्त जणांना वेल्श येत नाही.

"मग आमचे हे अजून अभ्यासच करतायत म्हणायचे."

"तुम्हाला वाटेल, दिवसभर नुसती वाळू न् पाणी. पण एक भांडं दुसऱ्यात ओतताना मूल मोजत असतं, ताडून बघत असतं..."

"आमचा ओततो तो फक्त माझ्या बुटात."

"आणि घरी वेल्श नसलेली मुलं पहिले काही महिने फक्त ऐकतात. बोलत नाहीत. घाबरू नका."

"तो चहा कुणासाठी आहे गं? घेतला तर चालेल?"

लेटनने चहा घेतला नाही. बोटभर उंचीच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसला होता. प्लास्टरच्या कामावरून सरळ आलेला, कोपरापर्यंत पांढरा.

*

हे आधी सांगायला हवं होतं

बेका, लेटनची लेक. वय चार. सप्टेंबरात आली तेव्हापासून शाळेत तिने एक शब्द उच्चारलेला नाही. वेल्शमध्ये नाही, इंग्रजीतही नाही. मान हलवते, बोट दाखवते, मित्राचं नाक पुसते. गाणं लागलं की ओठ मिटलेले, टाचा मात्र ठेक्यात.

वेल्श शाळेचा हट्ट तिच्या आईचा, ऱ्हिअनचा. ती वृद्धाश्रमात पाळ्या करते आणि तिथल्या म्हाताऱ्यांना शेवटी शेवटी फक्त वेल्श आठवतं, ते तिने पाहिलंय. लेटन हो म्हणाला. त्याची आई नाही म्हणाली. "एक भाषा धड येत नाही पोरीला, त्यात दुसरी कोंबताय. गुदमरेल ती," हे बेव्हर्लीने मलाही खाटकाच्या दुकानात ऐकवलं होतं, मी जणू कोंबणाऱ्यांची पुढारी.

नदीकाठच्या इंग्रजी शाळेत एक जागा रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. ऱ्हिअन थकून म्हणाली होती, "तू एकदा जाऊन बघ. तुला वाटेल ते कर."

तो बुधवार होता. तो बघायला आलेला नव्हता. सांगायला आला होता.

*

चिखल

मागच्या अंगणात पत्र्याखाली आमचं चिखलाचं स्वयंपाकघर आहे. कुणाच्या तरी घरून निघालेलं बेसिन, दांडा मोडलेली पातेली, पळ्या. बेका तिथे उभी होती आणि काउल करत होती. काउल म्हणजे मटण-कांद्याच्या पातीचं आमचं सार, इथे मातीचं, वरून गवत.

बापाला बघून ती हसली. बोलली नाही. एक पळी त्याच्या हातात दिली.

मला बाजूला व्हायचं होतं, झाले नाही. बेकाने पातेल्यात थोडंसं पाणी घातलं. ढवळलं. आणखी थोडं. मग पळी भरून घेतली आणि उलटी धरली, गोळा पडतो की चिकटून राहतो ते बघायला. पडला. मूठभर माती घातली. पुन्हा पळी उलटी.

लेटन उकिडवा बसला होता. "हे तिला कुणी शिकवलं?"

"आम्ही नाही."

"हे माझं आहे. मी थापी अशीच उलटी धरतो. माल जमलाय का बघायला."

"मग तूच शिकवलं असशील."

"कधी? ती नुसती बादलीपाशी बसलेली असते. शनिवारी. एक अक्षर बोलत नाही, मी म्हणायचो कंटाळली असेल." त्याने पळी खाली ठेवली. "मिस कुठायत?"

*

मिस एलीनेड आल्या. वयाने त्या माझ्या लेकीएवढ्या. अंगभर पिवळा रेनकोट, गालावर मातीचा हात उमटलेला, कुणाचा तरी छोटा. पलीकडे पाण्याच्या टबाशी ग्लेनिस प्रॉसर आपल्या नातवाबरोबर होड्या बुडवत होत्या आणि तसं अजिबात न दाखवता ऐकत होत्या.

"मिस, तोंडावर सांगतो, राग मानू नका. सुट्टीनंतर ती येणार नाही."

"बोलत नाही म्हणून?"

"इथे बोलत नाही ते एक. आता घरीही बिघडायला लागलंय. आधी मला सरळ डॅड म्हणायची, खणखणीत. आता नाकातून बोलते."

"नाकातून?"

"डॉक्टरांनी टॉर्च घालून पाहिलं. काही नाही म्हणाले, थेंब दिले. आई म्हणते नाकाचं हाड वाढलंय. पण मिस, बाकी सगळं स्वच्छ बोलते. टोस्ट म्हणते, ट्रॅक्टर म्हणते. फक्त मला हाक मारताना नाक गच्च."

"काय म्हणते नेमकं?"

लेटनने इकडेतिकडे पाहिलं. मग लेकीची नक्कल करावी लागते म्हणून लाजत, हळू:

"न्हाद."

टबातलं पाणी थांबलं. खरंच, ग्लेनिसनी नातवाचा हात धरून ठेवला होता.

"न्हाद, न्हाद, म्हणते. मग मी तिच्या नाकाला रुमाल धरतो, म्हणतो शिंकर, राणी. शिंकरते बिचारी. आणि पुन्हा तेच. न्हाद."

"परत म्हण रे," ग्लेनिस म्हणाल्या.

"न्हाद."

"मेले मी! मंगळवारच्या वेल्श वर्गात माझे केस पिकले, लेटन हॅवर्ड, पाय मोडला तेव्हा कुबड्या घेऊन गेले, आणि मला अजून ते जमत नाही! अजून!"

"काय जमत नाही?"

मिस एलीनेड त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. भर चिखलात.

*

चार ओळी

ताद. बाप. कुणाचाही.

तिचा असेल, तर थाद.

त्याचा असेल, तर दाद.

माझा असेल, तर

*

"नाकात जातो," लेटन म्हणाला.

"नाकात जातो. पुस्तकात त्याला नावच आहे, नाकातला बदल. 'माझा' आला की पुढचा शब्द नाकात शिरतो. तो 'माझा' बोलताना आम्ही गिळून टाकतो. मागे राहतं ते एवढंच. न्हाद."

"म्हणजे ती मला..."

"माझे बाबा म्हणते."

लेटनने वळून बेकाकडे पाहिलं.

"मोठी माणसं इथे धडपडतात, मिस्टर हॅवर्ड. मी कॉलेजात धडपडले. आणि ती चार वर्षांची आहे."

"पण तिला तुम्ही शिकवलंत कधी? ती तर..."

ते मला माहीत होतं. रोज दुपारी शाळा सुटताना दारात मीच उभी असते. प्रत्येक मुलाला विचारते, कोण आलंय तुला न्यायला? मूल वेल्शमध्ये सांगतं, माझी आई, माझे बाबा, माझी आजी. मग मी त्याचा हात सोडते. बेका सांगत नाही, बोट दाखवते. पण मुलं मी खुंट्यांच्या क्रमाने सोडते, आणि तिचं नाव उशिरा नोंदलं म्हणून तिचा कोट डब्ल्यू अक्षराच्या मुलांच्याही नंतरच्या, शेवटच्या खुंटीवर असतो. तिची पाळी येईपर्यंत सगळा वर्ग तिच्या पुढून आपापला बाप सांगून गेलेला असतो.

मी ते लेटनला सांगितलं.

त्याने पांढरे हात एकमेकांवर चोळले. प्लास्टरचे पापुद्रे पडले.

"ती म्हणते, माझे बाबा," तो म्हणाला. "आणि मी म्हणतो, शिंकर."

हसण्यासारखं होतं. कुणी हसलं नाही. ग्लेनिसबाईंनी स्वतःचंच नाक शिंकरलं.

*

"आणि मी तिला काय म्हणायचं?"

"मेर्ख," मिस म्हणाल्या. "मुलगी."

"ते नुसतं मुलगी झालं. माझी मुलगी?"

"मेर्खच. 'म'ला नाक लागत नाही."

"काही होत नाही तिला? माझी म्हटलं तरी?"

"काही नाही."

"बाप बदलतो, आणि पोरगी आहे तशीच?"

"व्याकरण आहे हो ते."

"व्याकरण कसलं," ग्लेनिस म्हणाल्या. "घरोघरी तेच चाललंय."

यावर मात्र लेटन हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा पुन्हा आधीसारखा झाला. "पण मिस, इथे ती बोलत नाहीच ना. ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"कधी बोलेल?"

"नाही सांगता येत. ख्रिसमसला बोलेल, उन्हाळ्यात बोलेल. तुम्हाला थांबवण्यासाठी मी खोटी तारीख देणार नाही."

मला वाटलं, गेलं. एवढं सरळ बोलायची काय गरज होती या पोरीला? एखादी तारीख दिली असती तर काय बिघडलं असतं?

लेटन उठला. पण दरवाज्याकडे वळला नाही. काउल अजून उकळत होतं, म्हणजे बेका तोंडाने बुडबुड आवाज काढत होती, ओठ मिटून. तो तिच्या शेजारी जाऊन गुडघ्यांवर बसला.

"मेर्ख," तो म्हणाला. शेवटचं अक्षर खरवडून आणलं, जुन्या भिंतीवरून रंग काढावा तसं.

बेकाने त्याच्याकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. मग त्याचा कान धरून खाली ओढला आणि त्यात काहीतरी सांगितलं. आम्ही तिघी कुठेतरी भलतीकडेच पाहत होतो.

तो मान वर करून मला विचारू लागला, ओरडून, कारण आता त्याला लाज राहिली नव्हती. "अँटी! ऱ्हागोर म्हणजे काय?"

"आणखी!"

"काय आणखी?"

"तिला विचार! मला काय विचारतोस?"

त्याने पाण्याचा जग उचलला आणि आनंदाच्या भरात सगळाच्या सगळा ओतला.

"डॅड! एवढं नाही! आता वाया गेलं सगळं!"

इंग्रजीत. मोठ्यांदा. अंगणभर ऐकू गेलं. वाळूतल्या मुलांनी वर पाहिलं. एक जण म्हणाला, "बेका बोलली," आणि परत खणायला लागला. मिस एलीनेड पत्र्याच्या खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या खांबात काय होतं कोण जाणे. वेल्श शाळेतलं बेकाचं पहिलं मोठं वाक्य इंग्रजी निघालं आणि आमच्यापैकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

लेटन माती भरत होता, मूठ मूठ, बोलणी खात.

*

फाटकापाशी, एका बाजूने

"मम? हो, भेटलो. नाही... नाही, ऐक. नाक ठीक आहे. अगं नाक एकदम ठीक आहे... थेंब नको आता. सांगतो ना. ती जे म्हणते ना, मला हाक मारताना... हो, तेच. न्हाद. ते वेल्श आहे, मम. माझे बाबा असं... मम?

"मम, आहेस का?

"कोण म्हणायचं?

"तुझे बाबा? त्यांच्या बाबांना? असंच? नाकात?

"मग मला कधी बोलली का नाहीस? ...विसरलीस म्हणजे? ...बरं. बरं, रडू नकोस. अगं रड, पण बसून रड. स्टुलावर नको बसू, ते हलतं. मी येतो संध्याकाळी. तिला घेऊन येतो."

त्याने फोन खिशात घातला. काही वेळ रस्त्याकडे बघत राहिला. खालच्या वळणावर नदीकाठच्या शाळेचं छप्पर दिसतं तिथून.

मी फाटकाची कडी धरून उभी होते. विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

"अँटी."

"बोल."

"सुट्टीनंतर शाळा सोमवारी उघडते का मंगळवारी?"

"मंगळवारी," मी म्हटलं. "सोमवारी शिक्षकांचं प्रशिक्षण आहे."