पहिला वास तिचा

मी गवती चहा. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सगळ्यांत जुना ठोंब आहे ना, तो मीच. मागचं सगळं शेत माझ्याच फुटव्यांचं. बढाई नाही मारत. म्हणजे, थोडी मारतोच.

मला लावलं मालकिणीनं. आमच्या पात्यांचं तेल काढायची भट्टी तीच सांभाळायची. वाफेच्या नुसत्या वासावरून सांगायची, "बस, आता जाळ कमी करा." सकाळी दार उघडलं की आधी माझं पातं चुरगळून नाकाशी धरायची. नवऱ्याला हाक त्यानंतर.

मग धाकटी जाऊ आली, ती जिरेनियमच्या फांद्या घेऊनच. माझ्या शेजारीच तिनं वाफा केला. त्या बयेचे लाड काय विचारता! डोक्यावर हिरवी जाळी, बुडाशी बेतानं पाणी. मला मात्र विळा. घरात जो तो धाकटीचं कौतुक करू लागला.

"छान लावलंयस हं," मालकीण म्हणायची आणि माझं पातं जरा जास्तच जोरात चुरगळायची. तिच्याही पोटात दुखतंय हे बघून मला बरं वाटायचं. पण एकदा कुणी बघत नाहीसं पाहून ती मला ओलांडून जिरेनियम हुंगायला वाकली. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे तिला ताप आला. उठली तेव्हा तिला वासच येईनासा झाला होता. हे फक्त मला कळलं, कारण माझं पातं ती पुन्हा पुन्हा चुरगळून नाकाशी धरत राहिली. पुन्हा भट्टीशी बसली. हंड्यातलं पाणी आटलं, पाला करपला, तिला पत्ता नाही.

"छान उतरलंय," तिनं बाटली पुढे केली.

नवऱ्यानं हुंगली. "अगं, करपलंय हे!"

"माझी चूक, दादा," धाकटी पटकन म्हणाली. "पाणी मी घालणार होते."

मागच्या दाराशी मालकीण तिच्यावर उखडली. "खोटं का बोललीस?"

"तुम्हाला वास येत नाही ना, जाऊबाई?"

मालकिणीनं मान डोलावली. आमच्या दोघांतलं गुपित गेलं.

त्यानंतर धाकटी रोज तिला डोळे मिटायला लावून एकेक पान हुंगायला द्यायची. आधी माझं. "काही?" "नाही गं." मी जीव ओतून दरवळायचो. आठवडेच्या आठवडे गेले. एके सकाळी मालकीण एकदम म्हणाली, "थांब. हे... गोड आहे का काहीतरी?"

धाकटीच्या हातात जिरेनियम होतं. ती रडायलाच लागली. दोघी एकमेकींना धरून किती वेळ बसल्या, आणि मी बघत राहिलो.

मी पुष्कळ मागाहून पोचलो तिच्यापर्यंत. मला आनंद झाला का? झाला. पण पहिला मी का नाही?

आता दोघी मिळून भट्टी लावतात, भांडतातही. इकडे ती जिरेनियमची बया वाढून वाढून वाऱ्यानं माझ्या अंगावर रेलते. कुणीतरी तिला जरा सरकायला सांगा हो.

फार लांब नको. जरासंच.