कानामागचा भुंगा

मी एक जुना भुंगा आहे. मित्रांनो, घाबरू नका, मी चावत नाही. मी कानामागे बसणारं श्रवणयंत्र आहे, पण घरात सगळे मला भुंगाच म्हणतात. माझा रंग उडाला आहे आणि बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी लावलेली आहे. तरीही माझ्याइतका भाग्यवान भुंगा दुसरा नसेल.

कारखान्यात एका बाईंनी भिंगाखाली माझ्या पोटात इवलासा माइक आणि इवलासा स्पीकर जोडला. आवाज पकडायचा, वाढवायचा आणि कानात सोडायचा, एवढंच माझं काम. तेव्हा मला वाटायचं, ऐकणं म्हणजे एवढंच.

मी आलो एका सायकल मिस्त्रींच्या कानावर. वाकडं चाक सरळ करण्यात कधीकाळी त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते चाकाचा एकेक स्पोक नखाने छेडायचे. आवाज बद्द आला की स्पोक ढिला, खणखणीत आला की ताठ. पण वर्षं गेली तसे बारीक आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले. त्यांनी नीट केलेल्या एका चाकाने वळणावर दगा दिला आणि एका मास्तरांचं कोपर सोललं गेलं. त्या दिवशी मिस्त्रींच्या लेकीने स्पोक आवळायची चावी स्वतःच्या खिशात घातली. ती त्यांच्याबरोबरच दुकान चालवते. ती म्हणाली, "बाबा, चाकांचं मी बघते. तुम्ही पंक्चर काढा."

मिस्त्री पंक्चर काढू लागले. पण चावी गेल्याहूनही एक गोष्ट त्यांच्या मनाला जास्त लागायची. ते विचारायचे, "काय म्हणालीस?" आणि लेक म्हणायची, "काही नाही, जाऊ द्या."

मी आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता चुटकीसरशी सगळं ठीक होईल. कसलं काय! वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी मिस्त्री दचकायचे. "डोक्यात भांडी पडतायत!" म्हणत त्यांनी मला डबीत ठेवलं. पाहुण्यांकडे जातानाच काय ते बाहेर काढायचे. तिथल्या गलक्यात तर त्यांना एक अक्षर कळायचं नाही.

मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कान तपासणाऱ्या ताईंकडे तक्रार केली. "अहो, यांनी त्याला नव्या बुटांसारखं जपून ठेवलंय! दुकानात तेल लागेल म्हणे."

ताई हसल्या. मग मिस्त्रींच्या समोर बसून सावकाश बोलल्या, "काका, कान फक्त आवाज आत घेतो. आत त्याचे बारीक विजेचे संदेश होतात आणि नसेतून मेंदूकडे जातात. हा आवाज कुणाचा, कामाचा की सोडून द्यायचा, हे मेंदू ठरवतो. तुमच्या मेंदूची ती सवय मोडलीय. यंत्र रोज घाला. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघा, डोळेही ऐकायला मदत करतात."

मी तर खट्टूच झालो. म्हणजे मी नुसता हमाल!

पण दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात जाऊ लागलो. सकाळी काकू मिस्त्रींच्या समोर बसून बातम्या वाचायच्या आणि ते त्या पुन्हा म्हणून दाखवायचे. पुष्कळदा भलतंच म्हणायचे आणि दोघंही पोट धरून हसायचे. एका दुपारी दुकानात मिस्त्रींनी लेकीला विचारलं, "पंखा बंद केलास का?" पंखा तर डोक्यावर घरघरत होता! मी ती घरघर इमानेइतबारे आत पोचवत होतो, पण आत कुणीतरी ती बाजूला सारत होतं. अर्धवट पोचलेले शब्दही ते पुरे करून घेत होतं. त्या न पाहिलेल्या सोबत्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

मग एक दिवस लेक एकेक स्पोक छेडत चाक सरळ करत होती. पलीकडे पंक्चर काढणाऱ्या मिस्त्रींनी मान वर केली.

"तो पुन्हा वाजव. नाही, त्याच्या शेजारचा. ढिला आहे."

लेकीने बोटांनी स्पोक दाबून पाहिला. खरंच ढिला होता. ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही ना…" ती थांबली. उठून त्यांच्या समोर येऊन बसली. खिशातली चावी त्यांच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "बाबा, चाकं आता तुम्हीच बघा."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. मला थोपटत ते म्हणाले, "भुंगा कामाचा निघाला गं."

मित्रांनो, कानामागून येऊन तिखट होण्याची मला हौस नाही. मी आवाज पोचवला, ऐकलं ते मिस्त्रींच्या मेंदूने. आणि त्याला पुन्हा शिकायला ज्यांनी धीराने वेळ दिला, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला डबीत कोंडू नका. घरातल्या कुणी "काय म्हणालास?" असं विचारलं, तर "जाऊ दे" म्हणू नका. समोर जाऊन बसा आणि पुन्हा सांगा.