मूळचेच शॉकअप

तिने दोन्ही तळवे गाडीच्या पुढच्या मडगार्डवर टेकवले, अंगाचा सगळा भार टाकून गाडी खाली दाबली आणि एकदम सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली आणि शेवटी कंटाळल्यासारखी थांबली.

"होडी झालीय," मिस्त्री म्हणाला. तो शेजारी उभा राहून फडक्याला हात पुसत होता. "शॉकअप संपले, डॉक्टरबाई. चारही."

"ते मलाही दिसतंय. पुढचं बोला."

गाडी जुनी होती. दोनच माणसांची, बुटकी, जमिनीला पोट लावून पळणारी. तिच्या शॉकअपना वीज लागे. गिअरच्या मागे एक बटण होतं. ते दाबलं की चारही शॉकअप आतून कडक होत आणि गाडी वळणावर जराही न कलता रस्ता धरून राही; पुन्हा दाबलं की मऊ होत आणि खड्डे गिळत. आता त्यांतलं तेल झिरपून गेलं होतं. बटण दाबलं काय न दाबलं काय, सारखंच. आणि समोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा पेटला होता, तो विझायचं नावच घेत नव्हता.

"असे शॉकअप आता कोणी बनवत नाही," मिस्त्री म्हणाला. "पण त्यावर तोड आहे. साधे टाकतो. आणि विजेच्या वायरच्या तोंडाशी एक बारकासा तुकडा बसवतो. गाडीला वाटतं, सगळं जागच्या जागी आहे. दिवा बंद."

"म्हणजे गाडीला भूल द्यायची."

मिस्त्री हसला. "तुमचंच काम की."

ती हसली नाही. उभी हयात तिने ऑपरेशनच्या टेबलाशी, रोग्याच्या उशाशी बसून काढली होती. इस्पितळात सगळे तिला पाठीमागे झोपबाई म्हणत, आणि निवृत्तीच्या समारंभात तर एका सर्जनने माइकवरूनच म्हटलं होतं. तिला ते नाव आवडायचं.

"मी भूल द्यायचे ना, तेव्हा माणूस जागा होईपर्यंत शेजारून हलायचे नाही," ती म्हणाली. "सुई टोचून घरी जायचे नाही. आणि यंत्र कोकलायला लागलं तर त्याची वायर उपटायचे नाही. दिवा लागलाय तर का लागलाय ते बघा. मूळचेच शॉकअप काढा, उघडा, नीट करा आणि तेच बसवा."

"कोण करणार? मी नाही उघडत बुवा असले."

"लेथवाला करेल. मागच्या गल्लीतला. माती उपसायच्या यंत्रांचे दट्टे दुरुस्त करतो तो. मी बोलून आलेय."

मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं. त्याच्याच गॅरेजातल्या कामाचा कोणीतरी परस्पर बंदोबस्त करून आलं होतं, ही गोष्ट त्याला पचायला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात दारात सावली पडली. तिचा धाकटा भाऊ आला होता. पन्नाशी कधीच उलटून गेली होती, केसही मागे हटले होते, पण तिच्या तोंडी तो अजून बाळ्याच होता. दोघं एकाच घरात राहत, ती खाली, तो संसारासह वर. घराच्या पोर्चमध्ये तिची ही बुटकी गाडी उभी राही आणि त्याची मोठी गाडी बाहेर रस्त्यावर धूळ खाई.

"फोन का उचलत नाहीस, ताई?" तो म्हणाला. "उद्या सकाळी एक जण येतोय गाडी बघायला. आहे तशी घ्यायला तयार आहे."

"कोणाची गाडी?"

"आता कोणाची म्हणजे काय!"

"नाही, तुझी विकतोयस की काय, म्हणून विचारलं."

मिस्त्री मान फिरवून फळीवरचे पाने उगीच इकडचे तिकडे करू लागला. भावाने आवाज खाली आणला.

"ताई, खुब्याचं ऑपरेशन झालंय तुझं. त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरण्यासारखं आहे. पुन्हा वर कोण काढणार तुला?"

"सर्जनने परवानगी दिलीय."

"मी नाही दिली."

हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याने खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि परत खिशात टाकल्या. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर यायला नको तितका वेळ लागला होता. तेवढा वेळ तो दाराबाहेर उभाच होता, बस म्हटलं तरी बसला नव्हता. हे तिला नर्सने नंतर सांगितलं. त्याने स्वतः कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. तेव्हापासून मात्र तो तिच्यासाठी ठरवत सुटला होता. न्हाणीघरात कठडा बसवला, जिना बंद केला, बाजारही बंद केला. ती एकेक मुकाट्याने मान्य करत गेली. भिंतीतला कठडा तर तिला खरंच उपयोगी पडत होता.

पण ही गाडी तिने स्वतःच्या मिळकतीवर घेतली होती, तेव्हाही कोणाला न विचारता.

"येऊ दे त्याला उद्या," ती म्हणाली आणि मिस्त्रीकडे वळली. "मिस्त्री, जॅक लावा. चारही चाकं काढून ठेवा. बिचारा एवढा लांबून येतोय तर नीट बघू दे, आतून बाहेरून."

"आत्ता?" मिस्त्रीने विचारलं.

"आत्ता."

मिस्त्रीने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तो वाकला आणि जॅक गाडीखाली सरकवला. भाऊ पहिलं चाक निघेपर्यंत थांबला. दुसऱ्याला हात लागला तसा तो निघून गेला.

शॉकअप सुखासुखी निघाले नाहीत. वरचे नट निघाले, विजेचे जोडही सुटले, पण मागच्या बाजूचा खालचा एक बोल्ट गंजून असा बसला होता की पाना दोनदा निसटून मिस्त्रीचं बोट सोलपटलं. ती स्टुलावर बसून दिवा धरत होती. खाली वाकणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून ती वरूनच बोलत राहिली.

"जोर नको. तेल सोडा आणि थांबा. मुरू द्या."

"तुम्ही रोग्याशीही असंच बोलायचात?"

"रोगी निमूट असायचे. तुमच्यासारखी तोंडं चालवायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक चाकं नसलेली गाडी बघून आल्या पावली परत गेलं. लेथवाल्याने चारही शॉकअप उघडले तेव्हा आतून काळं, पाणचट तेल निघालं. सील कडक होऊन चिरले होते. एकाची आतली तार तुटली होती. डॅशबोर्डवर दिवा पेटण्याचं कारण तेच. त्याने नवे सील बसवले, तार जोडली, ताजं तेल भरलं, आणि या सगळ्यात बरेच दिवस गेले. तेवढ्या काळात घरात पोर्च रिकामा होता. भावाला आपली गाडी आत आणता आली असती. त्याने आणली नाही. ती रस्त्यावरच उभी राहिली. जिना बंद झाल्यापासून सगळ्यांचं जेवण खाली तिच्याकडेच होई, भावजय दोघांनाही आग्रह करकरून वाढी, आणि बहीणभाऊ मीठ इकडे सरकव, पाणी तिकडे दे, यापलीकडे एकमेकांशी बोलत नसत.

"वन्सं, हे आतून फार घाबरलेत हो," भावजय एकदा भांडी उचलताना हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण त्याच्या भीतीपायी मी किती दिवस खुर्चीत बसून राहू?"

शॉकअप बसवायच्या दिवशी ती सकाळीच गॅरेजात जाऊन बसली. चारही जागच्या जागी गेले, चाकं चढली, गाडी जमिनीवर टेकली. तेव्हा कुठे मिस्त्री पुन्हा खाली शिरला आणि त्याने खालचे बोल्ट शेवटचे आवळले. "वजन चाकांवर आल्याशिवाय आवळायचं नसतं," तो गाडीखालून म्हणाला, "नाहीतर आतलं रबर पिळलेलंच राहतं." बाहेर येऊन त्याने किल्ली फिरवली. पिवळा दिवा क्षणभर लागला आणि गेला. तिने मडगार्ड दाबून सोडलं. गाडी वर आली आणि तिथेच राहिली.

"चक्कर मारून बघतो," मिस्त्री म्हणाला.

"पहिली चक्कर माझी." तिने हात पुढे केला.

तिला न्यायला भाऊ आला होता. तो दारातून सगळं पाहत होता. ती दार धरून, आधी बूड टेकवून, मग एकेक पाय आत ओढून घेत सीटवर बसली. त्याने मदतीला पुढे केलेला हात मागे घेतला. मग वळसा घालून आला आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून गुडघे छातीशी घेत शेजारी बसला.

"तू कशाला?"

"सीट रिकामी आहे ना."

मोठ्या रस्त्याला लागताच तिने बटण दाबलं. गाडी एकदम कडक झाली. पुढच्या लांब वळणावर तिने वेग तसाच ठेवला. गाडी तसूभर कलली नाही, रुळावरून चालल्यासारखी वळली, आणि तिच्या तोंडून हसू फुटलं, मोठ्याने. भावाने दारावरची मूठ धरली होती. पण तोही ओठ दाबून हसत होता.

वळणानंतर उखणलेला रस्ता लागला. आता प्रत्येक खडा सीटमधून वर येऊ लागला. पहिल्या दणक्यालाच तिच्या खुब्यातून कळ निघाली. दुसऱ्या दणक्याला ती मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरली. तिने चेहरा हलू दिला नाही. बटण हाताशीच होतं. पण तो शेजारी बसलेला असताना ते दाबण्यापेक्षा तिने असल्या दहा रस्त्यांवरून गाडी नेली असती. तिने दात आवळले, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि ती समोर बघत राहिली.

"ताई."

"काय?"

"माझ्या कंबरेत बसतंय गं. जरा मऊ कर ना."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. घरात कोणाचं काय दुखतं ते सगळ्यांत आधी तिला कळायचं, आणि त्याच्या कंबरेने आजवर कधी हूं की चूं केलं नव्हतं. तो बाहेरच्या एका बंद दुकानाची पाटी फार लक्षपूर्वक वाचत होता.

"म्हातारा झालास तू, बाळ्या."

"झालो."

तिने बटण दाबलं. खालचा रस्ता तोच राहिला, पण त्याचे दणके दूर गेले. ती हळूच सीटला टेकली. 

घराकडे वळायचा रस्ता आला. तिने वेग कमी केला नाही. भावाने तो रस्ता मागे जाताना पाहिला, मग काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं.