न लावलेली बाटली

मी सलाईनची बाटली बोलतेय. काचेची, अर्ध्या लिटरची, आणि अजून भरलेली. आमच्या जातीत भरलेलं राहणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. आमचं काम चार तासांचं. उलटं टांगून घ्यायचं, थेंबथेंब रिकामं व्हायचं आणि मग कोणाच्या तरी स्वयंपाकघरात रॉकेल भरून घेत उरलेले दिवस काढायचे. मी मात्र अकरा वर्षं झाली, नंदनवन वस्तीतल्या एका दवाखान्याच्या फळीवर बसून आहे. गळ्याला मेण आहे, अंगावर लाल शाईची चिठ्ठी आहे: 'वापरू नये'.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी निर्दोष होते. पाणी स्वच्छ, रबरी बूच घट्ट, वर पत्र्याचं टोपण. इतवारीच्या बाजारात आमचं खोकं हातगाडीवरून पडलं. हमालानं ते कानाशी धरून हलवलं, फुटल्याचा आवाज आला नाही, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. माझ्या गळ्याशी केसाएवढी चीर गेली होती. तिच्यातून पाणी बाहेर येत नव्हतं, पण हवा आत जात होती.

खोकं पोचलं ते जवळच्याच एका नव्या दवाखान्यात. हिरव्या काचांची दारं, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर, आणि रस्त्याकडच्या खिडकीत रिकाम्या सलाईन बाटल्यांची रांग. लोक ती रांग पाहूनच आत शिरत. एवढ्या बाटल्या चढवतो म्हणजे डॉक्टर मोठाच असणार, असा हिशेब. अंगात ताकद नाही म्हणून खेड्यावरून येणारे तर नाव, गाव सांगायच्या आधी शर्टाची बाही वर करत. मी उन्हाच्या फळीवर दोन महिने होते. तेवढ्यात माझ्या पोटात एक पांढरा धागा उगवला. कापसाच्या तंतूसारखा, तळाशी.

मे महिन्यातल्या एका दुपारी सुभद्राला आणलं. भांडेओळीत दुकान असलेल्या रूपरावांची बायको, लग्नाला आठ महिने झालेले. पहाटेपासून ओकारी आणि हगवण. डोळे खोल गेले होते, हात गार पडले होते. सोबत रूपराव आणि त्यांची आई रुखमाबाई. डॉक्टर जेवायला गेले होते. ते नसले की कंपाउंडर मारोतरावच बाटल्या लावी. त्यानं सुभद्राला पंख्याखाली निजवलं आणि मला फळीवरून काढलं.

रुखमाबाईंची हयात भांड्यांच्या दुकानात गेलेली. घागर असो की लोटा, उजेडाकडे धरून फिरवल्याशिवाय त्यांनी कधी घेतला नाही आणि विकलाही नाही. सुईच्या टोकाएवढं भोक त्यांना दिसे. त्यांनी सवयीनंच हात पुढे केला, मारोतरावनंही सवयीनं मला दिलं, आणि मी खिडकीच्या उजेडात गेले.

"काहून गा, हे काय आहे यात?"

"बुडबुडा आहे, माय."

"बुडबुडा वर जाते. हा तं खाली बसून राहिला."

त्यांची नखं माझ्या गळ्यावरून फिरली आणि चिरेशी थांबली. "दुसरी काढ," त्या म्हणाल्या.

"हेच एक उरली. बाकीच्या संध्याकाळी येतीन. त्यानं काही होत नाही, माय. रोज लावतो आम्ही."

रूपराव घामाघूम झाले होते. "आई, तू इथं भांडे पारखून राहिली का? ते गेली तं? लावा हो तुम्ही, लावा."

खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं. बायको डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि समोर बाटली होती. रुखमाबाईंनी मला पदरात गुंडाळलं आणि सुनेच्या काखेत हात घातला.

सुभद्रानं डोळे उघडले. "आई, नका ना नेऊ. इथंच राहू द्या मले."

 रुखमाबाईंनी तिला उठवलं.

सायकलरिक्षात वरून ऊन आणि खालून डांबर. सुभद्राची मान सासूच्या खांद्यावर लुळी पडली होती, रूपराव मागे सायकलवर. रुखमाबाई रिक्षावाल्याला शिव्या देत होत्या, पाय चालव म्हणत होत्या. पण पदराखाली त्यांनी मला घट्ट धरलं होतं. "माह्या हातानं हिचं बरंवाईट नको करू, देवा," एवढंच त्या परत परत पुटपुटत होत्या. हे ऐकायला मी एकटीच होते.

नंदनवनात तेव्हा घरं विरळ. डॉक्टर अरुंधतींचा दवाखाना म्हणजे टिनाखालच्या दोन खोल्या. खिडकीत बाटल्या नव्हत्या. स्टोव्हवर पाणी खळखळत होतं आणि त्यात सुया, रबरी नळ्या उकळत होत्या. बाईंनी नाडी धरली, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि लघवी केव्हा झाली ते विचारलं. मग आपली बाटली घेतली, तारीख वाचली, टोपण चाचपलं आणि ती उलटी करून खिडकीपाशी धरली.

रुखमाबाईंचा हात पुन्हा पुढे झाला. अर्ध्यावर थांबला. मुलाचं मघाचं बोलणं अजून ताजं होतं.

"घ्या ना, पाहा," डॉक्टर म्हणाल्या. "पाहिलंच पाहिजे."

रुखमाबाईंनी पाहिली आणि परत दिली. मग त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

सूर्य मावळेपर्यंत भरभर सोडलेल्या तीन बाटल्या लागल्या. डॉक्टर उठल्या नाहीत. सुभद्राला लघवी झाली असं कळलं, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी पाहिला. एवढ्या शिकलेल्या बाईनं एवढ्याशा गोष्टीला हसावं याचं मला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

मग सुभद्राला झोप लागली, रूपराव बाहेर गेले, तेव्हा रुखमाबाईंनी मला पदरातून काढलं. डॉक्टरांनी धागा पाहिला, चीर पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. ही बुरशी आहे, हे पाणी रक्तात गेलं असतं तर पोरगी वाचली नसती, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

"सुनेले सांगू नका, बाई," रुखमाबाई म्हणाल्या. "नवराच लावा म्हणत होता, हे तिले कायले माहीत पाहिजे? सारा जन्म त्याच्यासंगं काढायचा आहे तिले."

डॉक्टरांनी शब्द पाळला. माझ्या गळ्यावर मेण ओतून मला फळीवर ठेवलं. शेजारच्या चंपतरावांसारखे लोक येत, "एक बाटली चढवा, ताकद येते," म्हणत. डॉक्टर विचारत, तोंडानं पिता येतं ना? मग मीठसाखरेचं पाणी प्या. चंपतराव फणफणत निघून जात. जे थांबत त्यांना मी दाखवली जाई: बाटलीत असं काही दिसलं तर उठून चालू लागायचं.

अकरा वर्षांनी सुभद्रा लेकीचा ताप दाखवायला आली. भरलेली, ठसठशीत बाई झाली होती. बोलता बोलता म्हणाली, "प्रताप नगरात घर बांधलं, बाई. पुढच्या महिन्यात जातो तिकडं. आई जुन्याच घरी राहतीन."

"एकट्या?"

"मले पंख्याखालून उठवून उन्हात नेलं त्यांनी. हात जोडले होते मी. चांगल्या दवाखान्यात भांडण करून आणलं म्हणे. सारं केलं मी त्यांचं, पण ते काही विसरली नाही."

 डॉक्टरांनी मला खाली काढलं आणि सुभद्राच्या हाती दिलं. बाटली कोणाला लावायची होती, तिच्यातला धागा कोणी पाहिला, ते सांगितलं. कोण काय बोललं होतं, तेवढं गाळलं.

 माझ्या काचेवर सुभद्राच्या बोटांचे घामेजले ठसे उमटले.

चार दिवसांनी ती रुखमाबाईंना घेऊन आली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सुभद्रानं मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मेण चाचपलं, नखानं चीर शोधली आणि ओळखलं.

"अजून ठेवून राहिल्या का बाई हे?" म्हणत त्यांनी मला उजेडाकडे धरलं, फिरवलं. "काही दिसत नाही वं. गेला का तो धागा?"

"आहे, आई. मले दिसून राहिला."

दोघींचे हात माझ्याखाली होते. 

"मंग ठेव खाली," रुखमाबाई म्हणाल्या. "पडन."

सुभद्रानं मला फळीवर ठेवलं, सासूचा हात मात्र सोडला नाही. "तुमच्या खोलीची खिडकी पूर्वेले आहे, आई. प्रताप नगरात," ती म्हणाली. "सकाळचं ऊन येते."

"पाहू," रुखमाबाई म्हणाल्या. पण दवाखान्याच्या पायऱ्या त्या सुनेच्या खांद्यावर भार टाकून उतरल्या.

आता प्लास्टिकच्या बाटल्या येऊ लागल्या आहेत. माझं पाणी तीन बोटं आटलं, धागा पिवळा पडला. एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत मी जाईन, त्याचं मला काही नाही. एकच मागते. तुमच्या माणसाला कुठंही नेलंत, तरी टांगायच्या आधी बाटली हातात मागा. जो देईल त्याच्याकडे थांबा. दिसत नसतानाही रुखमाबाईंनी मला उजेडाकडे धरलं. तुम्हाला तर दिसतं.